लाल शाईचा हिशेब

आमच्या छापखान्यात लाल शाईचा डबा वरच्या फळीवर, बाकीच्या डब्यांपासून वेगळा असायचा. लाल शाई महाग, आणि ट्रेडल यंत्रावर काळ्यानंतर लाल चालवायची म्हणजे रूळ घासलेटनं पुसून काढण्यात अर्धा तास मोडायचा. त्यामुळे लग्नपत्रिका सोडल्या तर लाल काम वडील शक्यतो घेत नसत. एका गिऱ्हाइकाला मात्र त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. नागपूरच्या महालात, केळीबाग रोडच्या आतल्या गल्लीत, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या मुख्यालयापासून हाकेच्या अंतरावर बसून आम्ही बापलेकांनी कम्युनिस्ट पक्षाची आणि त्याच्या युनियनांची पत्रकं छापली. छपाईच्या त्याच खिळ्यांत शाखेच्या उत्सवाची निमंत्रणं जुळवली, त्याच खिळ्यांत रिपब्लिकन पक्षाच्या सभांची भित्तिपत्रकं. "खिळ्याले पक्ष नसते, त्याले बिल असते," असं वडील म्हणायचे.

गेल्या वर्षभरात शंभरीची फार चर्चा झाली. १९२५ च्या विजयादशमीला महालात संघ सुरू झाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात कानपुरात भारतीय कम्युनिस्ट पक्ष. (मार्क्सवादी पक्षवाले ही तारीख मानत नाहीत, ते १९२० चं ताश्कंद धरतात, तो त्यांचा घरचा वाद.) एकाची शंभरी साऱ्या देशानं पाहिली. दुसऱ्याची नागपुरात किती जणांना कळली, कोण जाणे. हे असं कसं झालं म्हणून विचारलं की उत्तर तयार असतं : रशिया फुटला, हे संपले. चौकातल्या पानठेल्यावरही हेच आणि प्राध्यापकांच्या लेखांतही हेच. मला हे उत्तर पटत नाही, निदान नागपूरपुरतं तरी. माझा पुरावा पावतीपुस्तकांचा आहे.

युनियनची ताकद सभेच्या गर्दीवरून मोजू नये, पावतीपुस्तकांवरून मोजावी, हे मला या धंद्यानं शिकवलं. वर्गणीचं पुस्तक म्हणजे शंभर पावत्या. वर युनियनचं नाव आणि नोंदणी क्रमांक, मध्ये नाव-खातं-पाळी, खाली खजिनदाराच्या सहीसाठी टिंबांची ओळ. प्रत्येक पावतीवर नंबरिंग मशीनचा ठोका दोनदा, एकदा मूळ पावतीवर आणि एकदा स्थळप्रतीवर, आणि दोहोंच्या मध्ये छिद्रांची रेघ. एक नंबर चुकला तर अख्खं पुस्तक बाद, कारण हिशेबतपासनीस पहिल्यांदा तेच पाहतो. खात्यातला विश्वासाचा माणूस हे पुस्तक खिशात घालून पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकावर उभा राहायचा. हँडबिल उधारीवर कोणीही छापून घेतं. पावतीपुस्तकाच्या मागे मात्र माणसं लागतात, आपल्या पगारातून दर महिन्याला काहीतरी मोजून देणारी. आमच्या जुन्या वह्यांत गिरणीची पुस्तकं साठच्या दशकात भरभरून दिसतात. सत्तरच्या दशकात ती थबकतात, त्यांच्या जागी वीज कामगारांची येतात. ऐंशीच्या दशकात गिरणीची आटून जातात, आणि हँडबिलं मात्र त्याच काळात वाढतात. मॉस्कोतला लाल झेंडा तेव्हा जागच्या जागी होता.

गिरणी पक्षापेक्षा जुनी. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं गेलं, नाव तिथून आलं. मुंबई सोडून इथे गिरणी कशाला, असं तेव्हा लोकांना वाटलं. पण कापूस इथला, कोळसा जवळचा, रेल्वे दाराशी. कामगार टिकावेत म्हणून या गिरणीनं १८८६ मध्ये पेन्शन फंड काढला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू केली. अशा मालकाविरुद्ध संघटना बांधणं सोपं नव्हतं, तरी ती बांधली गेली. त्या पिढीतलं मोठं नाव म्हणजे रामभाऊ रुईकर. ते कम्युनिस्ट नव्हते, पुढे फॉरवर्ड ब्लॉकमध्ये गेले. पण गिरणी कामगाराला फाटकावर थांबून ऐकायची सवय लावली ती त्यांच्या पिढीनं. आयटकचं म्हणजे अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचं १९२९ चं अधिवेशन नागपुरातच झालं. अध्यक्षस्थानी जवाहरलाल नेहरू होते. कामगारांविषयीच्या सरकारी व्हिटली कमिशनवर बहिष्कार टाकायचा की नाही अशा मुद्द्यांवर ते अधिवेशन फुटलं आणि ना. म. जोशी, व्ही. व्ही. गिरी मंडळी बाहेर पडली. नऊ वर्षांनी, १९३८ मध्ये, दोन्ही गट परत जुळले तेही नागपुरातच. देशाच्या कामगार चळवळीची फाटाफूट आणि मनोमीलन दोन्ही आमच्या गावानं पाहिलं, पण आज याची पाटी कुठे लावलेली दिसत नाही.

कम्युनिस्टांचं नागपुरातलं नाव म्हणजे अर्धेंदु भूषण बर्धन. जन्म १९२४ चा, बारिसालचा, म्हणजे आताच्या बांगलादेशातला. पंधराव्या वर्षी नागपुरात आले, १९४० मध्ये स्टुडंट्स फेडरेशनमध्ये आणि पक्षात गेले, नागपूर विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाचे अध्यक्ष झाले, अर्थशास्त्रात एम. ए. आणि वर वकिली. गिरणी, वीज, रेल्वे, संरक्षण कारखाने अशा साऱ्या कामगारांत ते वावरले. जन्मानं बंगाली माणूस नागपूरकरांसमोर मराठीत बोलायचा, आणि हे नागपुरात कोणाला खटकलं नाही. याचं मोल आजच्या माणसाला कळायचं नाही. १९५६ मध्ये नागपूरची राजधानी गेली होती, गाव दुखावलेलं होतं, वेगळ्या विदर्भाची हवा होती, आणि पक्ष संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूचा. अशा गावातून १९५७ मध्ये बर्धन अपक्ष म्हणून विधानसभेवर निवडून गेले.

त्या काळातली पत्रकं मी लहानपणी वाळत घातलेली आठवतात. दोऱ्यांवर ओळीनं टांगलेली, लाल मथळ्याची, आणि मजकूर सगळा काळा. मथळ्यात क्रांती असायची, मजकुरात महागाई भत्ता. बदली कामगारांना कायम करा, बोनस द्या, कॅन्टीन सुधारा. माझ्या मते या पक्षाचं खरं बळ त्या काळ्या मजकुरात होतं. मथळा बदलला असता तरी माणसं फाटकावर आली असती.

आता अवघड भाग. गिरणीतला निम्मा कामगार सुटी झाली की लाल बावट्याखालून निघून निळ्या झेंड्याच्या वस्तीत जायचा. इंदोरा, पाचपावली, जाटतरोडी, इमामवाडा. शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन १९४२ मध्ये नागपुरातच स्थापन झालं, धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ला इथेच झाली, रिपब्लिकन पक्षाची स्थापना ३ ऑक्टोबर १९५७ ला इथलीच. बाबासाहेबांचं कम्युनिस्टांशी जमलंही आणि फाटलंही. ७ नोव्हेंबर १९३८ ला, म्हणजे रशियन क्रांतीच्या वाढदिवशी, मुंबईत औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षानं कम्युनिस्टांबरोबर संप केला होता. पण मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नाहीत, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो, हा सवालही त्यांनीच लाल युनियनवाल्यांपुढे ठेवला होता. दीक्षेनंतर सव्वा महिन्यानं काठमांडूला त्यांनी बुद्ध की मार्क्स याच विषयावर भाषण केलं. नागपुरातल्या घराघरात त्याचं उत्तर आधीच ठरलं होतं. कॉम्रेड लोक कामगाराला कामगार म्हणूनच ओळखत. तो घरी गेल्यावर कोण असतो, हे विचारणं त्यांना मागासलेपणाचं वाटे. आमच्याच दुकानात एकदा गिरणीतला एक रिंग फ्रेमवाला आपल्या पुढाऱ्याला म्हणाला होता, "साहेब, पगार तुमच्यामुळे वाढला, मान बाबासाहेबांमुळे. मत मागून राहिले तर हे ध्यानात ठेवा." पुढारी हसले. ही गोष्ट त्यांनी लिहून घ्यायला हवी होती.

दुसरीकडून भारतीय मजदूर संघ आला. त्याचे संस्थापक दत्तोपंत ठेंगडी आर्वीचे, नागपुरात कायदा शिकलेले, आधी काँग्रेसच्या इंटकमध्ये काम केलेले. १९५५ मध्ये त्यांनी भोपाळला संघटना काढली आणि १ मे ऐवजी विश्वकर्मा जयंती कामगार दिन ठरवला. सुरुवातीला लाल बावट्याचे लोक त्यांची थट्टा करायचे. थट्टा फार काळ टिकली नाही.

रशिया या सगळ्यात होता कुठे? होता, पण घरात होता, फाटकावर नव्हता. आमच्या पिढीच्या शाळेच्या पुस्तकांना 'सोव्हिएत लँड'च्या गुळगुळीत पानांची कव्हरं असायची. ट्रॅक्टरवर बसलेली हसरी बाई इतिहासाच्या पुस्तकावर आणि स्पुटनिक गणितावर. मॉस्कोच्या प्रगती, रादुगा, मीर या प्रकाशनांची पुस्तकं इतकी स्वस्त मिळत की छापणारा माणूस म्हणून मला त्या किमतीचा हिशेबच लागत नसे. पक्की शिलाई, कापडी पुठ्ठा, रंगीत चित्रं, आणि किंमत आमच्या कागदापेक्षा कमी. इथून गाडीत बसलं की काही तासांवर भिलाई. सोव्हिएत मदतीनं उभ्या राहिलेल्या त्या कारखान्यात १९५९ पासून पोलाद निघू लागलं. नागपूरकडची पोरं तिथे नोकरीला लागली. सुटीला घरी आली की रशियन इंजिनिअरांच्या गोष्टी सांगत. रशिया आमच्यासाठी असा होता : पुस्तकाचं कव्हर आणि भिलाईची नोकरी. त्यानं मनात आदर निर्माण केला. मतं मिळवून दिली असं काही मला दिसलं नाही.

१९६४ मध्ये पक्ष फुटला. आमच्याकडे निवडणूक चिन्हांचे जस्ताचे ठोकळे असत, लाकडावर ठोकलेले. तोवर विळा आणि कणीस एवढं पुरे होतं, आता विळा-हातोडा-ताऱ्याचाही ठोकळा करून घ्यावा लागला. अडाणी मतदाराला दोन विळ्यांतला फरक समजावून सांगताना कार्यकर्त्यांच्या नाकी नऊ येत. तरी १९६७ ला महाराष्ट्र विधानसभेत भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे दहा आमदार होते. बर्धन मात्र त्याच वर्षी नागपुरातून लोकसभेला पडले. काँग्रेसचे नरेंद्र देवघरे निवडून आले. १९७१ मध्ये विदर्भाचा सगळा राग जांबुवंतराव धोट्यांनी सिंहाच्या चिन्हावर गोळा केला आणि ते लोकसभेत गेले. त्या निवडणुकीत आमच्या दुकानात लाल शाई फारशी लागली नाही.

मग आणीबाणी. माझ्या हिशेबानं नागपुरात लाल झेंड्याला खरा तडा इथे गेला. महालातली आमची निम्मी गिऱ्हाइकं तुरुंगात होती. प्रत्येक पत्रकावर मुद्रकाचं नाव घालावंच लागायचं, त्यामुळे वडिलांनी ओळखीची नसलेली कामं घेणंच बंद केलं. कम्युनिस्ट पक्षाची पत्रकं मात्र उजळ माथ्यानं छापली जात होती, कारण पक्ष इंदिराबाईंच्या बाजूनं उभा होता. फॅसिस्ट शक्तींना रोखण्यासाठी, असं त्यांचं म्हणणं. तिकडे १९७५ च्या सप्टेंबरात वटहुकूम निघाला आणि कामगाराचा किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आला. दिवाळी तोंडावर. ज्या पक्षानं वर्षानुवर्षं काळ्या मजकुरात बोनस मागितला, त्याचाच मित्र बोनस कापत होता. फाटकावर पत्रकं वाटणाऱ्याला त्या दिवाळीत काय काय ऐकावं लागलं असेल ते सांगायला नको. १९७८ मध्ये भटिंड्याच्या अधिवेशनात पक्षानं आणीबाणीला दिलेला पाठिंबा चुकला असं मान्य केलं. ही प्रामाणिकपणाची गोष्ट आहे, किती पक्षांनी असं केलं? पण कबुली भटिंड्याला झाली, आणि बोनस नागपुरात कापला गेला होता. १९८० ला बर्धन पुन्हा लोकसभेला उभे राहिले, धोटे आता इंदिरा काँग्रेसकडून होते, तेच जिंकले.

पुढचं सगळं गिरणीचं आहे. ऐंशीच्या दशकात जुनी यंत्रं, वाढता तोटा, यंत्रमागांची स्पर्धा. १९८५ चं वस्त्रोद्योग धोरण आलं, १९८६ मध्ये टाटांच्या हातून एम्प्रेस मिल राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. मालक सरकार झाल्यावर संप कोणाविरुद्ध करायचा? तोट्यातली गिरणी बंद पाडण्याची धमकी मालकालाच सोयीची. नवी भरती थांबली होती. वर्गणी देणारे म्हातारे होत गेले. पावतीपुस्तकं का आटली, याचं उत्तर एवढंच आहे.

आणि तरीही गंमत पाहा. १९८९ च्या नोव्हेंबरात अमरावतीतून सुदामकाका देशमुख भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या तिकिटावर लोकसभेत गेले. बर्लिनची भिंत त्याच महिन्यात पडली होती. १९९१ च्या उन्हाळ्यात वर्ध्यातून, म्हणजे गांधीजींच्या सेवाग्रामच्या जिल्ह्यातून, मार्क्सवादी पक्षाचे रामचंद्र घंगारे निवडून आले आणि त्यांनी वसंत साठ्यांसारख्या दिग्गजाला पाडलं. ऑगस्टमध्ये मॉस्कोत बंड झालं, २५ डिसेंबरला क्रेमलिनवरचा लाल झेंडा उतरला. विदर्भातल्या शेतकऱ्यानं, शेतमजुरानं मत देताना मॉस्कोकडे पाहिलं नव्हतं. सुदामकाका लोकांत राहणारा माणूस म्हणून निवडून आले होते, आणि घंगाऱ्यांच्या विजयात साठ्यांवरची नाराजी होती असं मला वाटतं. म्हणून म्हणतो, रशियामुळे मतं गेली हे खरं नाही. ती आली तीही रशियामुळे नव्हती.

मॉस्कोबरोबर जे गेलं ते वेगळंच होतं. त्या हिवाळ्यात एक जुना कार्यकर्ता दुकानात येऊन बसला. पक्षानं एकेकाळी त्याला रशियाला पाठवलं होतं, लेनिनचा बिल्ला त्याच्या खिशाला कायम असायचा. तो म्हणाला, "बाप्पा, आम्ही हरत होतो ते चालत होतं. शेवटी आपणच जिंकणार हे ठाऊक होतं ना." मी त्याला चहा सांगितला. हरण्याचं दुःख त्याला कधीच नव्हतं. शेवट माहीत असल्याची खात्री गेली, त्याचं होतं. अशी खात्री असलेली माणसंच पगाराच्या दिवशी उन्हात पावतीपुस्तक घेऊन उभी राहतात. नव्या पोरांना ती देता येईना. सीताबर्डीच्या फुटपाथवर रादुगाची पुस्तकं रद्दीच्या भावानं दिसू लागली. मीही बरीच घेतली, माझ्या नातीनं त्यांतली चित्रं कापून वह्यांना चिकटवली.

बर्धन तोवर दिल्लीत होते. इंद्रजित गुप्ता गृहमंत्री झाले तेव्हा, १९९६ मध्ये, बर्धन त्यांच्या जागी पक्षाचे सरचिटणीस झाले आणि २०१२ पर्यंत राहिले. नागपुरातून दोनदा लोकसभेला पडलेला माणूस दिल्लीत सरकारं जुळवत होता. इकडे २००२ मध्ये एम्प्रेस मिल बंद झाली, पुढे त्या जागेवर मॉल आणि उंच इमारती उभ्या राहिल्या. दोन वर्षांनी, मे २००४ मध्ये, डाव्यांच्या पाठिंब्याचं सरकार येणार असं दिसताच बर्धननी निर्गुंतवणूक मंत्रालय भाडमध्ये जावो अशा अर्थाचं काहीतरी बोलून टाकलं, आणि १७ मे ला सेन्सेक्स ५६४ अंकांनी कोसळला. आमच्या गल्लीत शेअरवाले हळहळले, म्हातारे गिरणी कामगार खूश झाले. फाटक उरलं नव्हतं, पण आवाज ओळखीचा होता. बर्धन २ जानेवारी २०१६ ला गेले. त्याच्या आदल्याच वर्षी, फेब्रुवारीत, कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसऱ्यांचा खून झाला होता. महाराष्ट्रातल्या पक्षाला ओळखीचे चेहरे असे एकेक करत कमी झाले. लोकसभेत २००४ ला दहा खासदार होते, २०१४ ला एक. १० एप्रिल २०२३ ला निवडणूक आयोगानं पक्षाचा राष्ट्रीय दर्जा काढून घेतला.

युनियना मात्र मेल्या नाहीत, हेही सांगायला हवं. कोळसा खाणींत, आयुध निर्माणीत, वीज कंपन्यांत लाल बावटा आहे. अडचण वेगळी आहे. २००५ मध्ये वीज मंडळाच्या कंपन्या झाल्या, कंत्राटी माणसं वाढली. कंत्राटी माणसाचा ठेकेदार बदलतो, ठिकाण बदलतं, पगार बँकेत जमा होतो. पगाराच्या दिवशी ज्याला एका फाटकावर गाठायचं तो माणूस आणि ते फाटक, दोन्ही हाताशी नाहीत. मार्क्स वाचलेल्यांनी यावर खूप लिहिलं आहे. पावतीपुस्तक कुठे उभं राहून फाडायचं, एवढं कोणी सांगितलेलं माझ्या वाचनात नाही.

ट्रेडल आम्ही विकली, आता पुतण्या फ्लेक्स छापतो. लाल शाई महाग असण्याचा प्रश्न त्याला नाही, सगळे रंग एकाच भावात. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन लागलं की यशवंत स्टेडियमकडून मोर्चे निघतात, आणि त्यांतले मोठे मोर्चे पुष्कळदा अंगणवाडी सेविकांचे, आशा सेविकांचे असतात. गेल्या खेपेला अशाच एका मोर्चाचा फलक पुतण्याकडे आला होता. सोबत आलेली बाई कामठीकडची, हातात मोबाइल, मोबाइलमध्ये मजकूर. मानधन वाढवा, पेन्शन द्या, ऑनलाइन कामाचा वेगळा मोबदला द्या. पुतण्यानं विचारलं, पक्षाचं नाव वर टाकू का? ती म्हणाली, "वर मागण्या टाका. नाव खाली, बारीक." मग तिनं पर्समधून पावतीपुस्तक काढलं, त्यात जमलेले पैसे मोजले आणि अर्धी रक्कम आगाऊ दिली.